घटक ७ : ‘टेक द पिस’ – एका ग्राम्य इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ आणि उगम

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• ‘टेक द पिस’ या ब्रिटिश वाक्प्रचाराचे दोन अर्थ आणि त्यांच्या वाक्यरचना वेगळ्या ओळखता येतील.
• शब्दाची ग्राम्यता कशावर ठरते, हे सांगता येईल.
• व्युत्पत्ती आणि व्युत्पत्तिकथा यांतील फरक पुराव्याच्या आधारे दाखवता येईल.
• असा वाक्प्रचार मराठीत आणताना कोणते पर्याय निवडावेत, याचा विचार करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वाक्प्रचाराचे लक्षण पाहिले. वाक्प्रचारातील शब्दांचे सुटे अर्थ एकत्र केले तरी वाक्प्रचाराचा अर्थ हाती लागत नाही, हे ते लक्षण होय. आपल्या भाषेतील वाक्प्रचारांच्या बाबतीत हे सहजी ध्यानात येत नाही. ‘टर उडवणे’ म्हणताना टर म्हणजे काय आणि ती कोठे उडते, असा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण तो वाक्प्रचार आपल्या अंगवळणी पडलेला असतो. म्हणून या घटकासाठी मुद्दाम परभाषेतील उदाहरण घेतले आहे.

‘टेक द पिस’ याचा शब्दशः अर्थ ‘मूत घेणे’ किंवा ‘मूत काढून घेणे’. ब्रिटनमध्ये रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ होतो एखाद्याची टर उडवणे, चेष्टा करणे. पाठ्यपुस्तकात असा शब्द पाहून काही वाचकांना संकोच वाटेल. हा संकोच स्वाभाविक आहे आणि तोही आपल्या अभ्यासाचाच विषय आहे. मात्र भाषेच्या अभ्यासकाने शब्दापासून तोंड फिरवू नये. वैद्य रोग्याची तपासणी करतो, त्याच निर्लेप वृत्तीने आपण या वाक्प्रचाराकडे पाहणार आहोत.

७.२ दोन अर्थ, दोन रचना

पहिला अर्थ उपहासाचा. ज्याची चेष्टा करायची त्याचा उल्लेख ‘आउट ऑफ’ या शब्दांनी होतो. ‘दे वेअर टेकिंग द पिस आउट ऑफ हिम’ म्हणजे ‘ते त्याची टर उडवत होते’. यापासून ‘पिस-टेक’ हे नामही तयार झाले आहे. एखाद्या व्यक्तीची नक्कल, एखाद्या चित्रपटाचे विडंबन यांना ‘पिस-टेक’ म्हणतात.

दुसरा अर्थ गैरफायदा घेण्याचा. घरमालकाने अचानक भाडे दीडपट केले, किंवा एखाद्या सहकाऱ्याने रोजच आपले काम दुसऱ्याच्या गळ्यात घातले, तर ब्रिटिश माणूस म्हणतो, ‘दॅट्स टेकिंग द पिस’. येथे चेष्टा कोणीच केलेली नाही. समोरच्याच्या चांगुलपणाला गृहीत धरून मर्यादा ओलांडली गेली आहे, ही तक्रार आहे. या अर्थी ‘आउट ऑफ’ सहसा येत नाही, आणि क्रियापद बहुधा चालू काळात असते.

दोन्ही अर्थांना जोडणारा धागा उघड आहे. दोन्हीकडे कोणीतरी कोणालातरी हलके लेखलेले असते. पहिल्यात ते शब्दांनी होते, दुसऱ्यात वागण्याने. अर्थविस्तार असाच घडतो. ‘आर यू टेकिंग द पिस?’ या प्रश्नात तर दोन्ही अर्थ संभवतात. ‘माझी फिरकी घेतोस काय?’ आणि ‘मला काय गृहीत धरलेस?’ यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा, हे प्रसंगावरूनच ठरते.

७.३ शब्दाची ग्राम्यता कोठे असते?

‘पिस’ हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर जुन्या फ्रेंच भाषेतून जे असंख्य शब्द इंग्रजीत आले, त्यांपैकी तो एक आहे. त्याचे मूळ ध्वन्यनुकारी, म्हणजे त्या क्रियेच्या आवाजावरून घडलेले असावे, असे मानले जाते. मध्ययुगात हा शब्द आजच्याइतका अशिष्ट नव्हता. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याने तो वापरला आहे. एवढेच नव्हे, तर इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या काळात सिद्ध झालेल्या १६११ च्या बायबलच्या अधिकृत इंग्रजी भाषांतरातही तो आढळतो. चर्चमध्ये मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात जो शब्द चालत होता, तो पुढे सभ्य घरात उच्चारणे अशक्य झाले. शब्दाचा मूळ अर्थ बदलला नाही, बदलले ते समाजाचे शिष्टाचार.

याच अर्थाचा ‘युरिन’ हा शब्द मात्र आजही प्रतिष्ठित आहे. तो लॅटिनमधून आलेला असून वैद्यकाच्या भाषेत रुळला आहे. मराठीतही हाच प्रकार दिसतो. ‘मूत्र’ हा तत्सम शब्द प्रयोगशाळेच्या अहवालात निःसंकोच छापला जातो. त्याच संस्कृत शब्दापासून प्राकृत ‘मुत्त’ या पायरीने आलेला ‘मूत’ हा तद्भव शब्द मात्र चारचौघांत उच्चारवत नाही. या दोहोंच्या मध्ये ‘लघवी’ आणि ‘लघुशंका’ हे आडपडद्याचे शब्द उभे आहेत. वस्तू एकच, पण शब्दांच्या प्रतिष्ठेच्या पायऱ्या तीन.

आपल्या काव्यशास्त्रानेही या प्रश्नाचा विचार केला आहे. मम्मटाने अश्लील दोषाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार मानले. ऐकणाऱ्याच्या मनात लाज, किळस किंवा अशुभाची शंका उत्पन्न होते, त्यावरून हे प्रकार पडतात. म्हणजे अश्लीलता ऐकणाऱ्याच्या प्रतिक्रियेवरून ओळखायची. ‘टेक द पिस’ हा वाक्प्रचार यांपैकी मुख्यतः जुगुप्सेच्या सदरात बसेल.

ब्रिटनमधील बोलणाऱ्यांना या पायऱ्यांची उत्तम जाण आहे. म्हणूनच ‘टेक द मिकी’ हा सौम्य पर्याय तेथे सर्रास चालतो. गमतीने त्याचे ‘एक्स्ट्रॅक्ट द मायकल’ किंवा थेट ‘एक्स्ट्रॅक्ट द युरिन’ असे भारदस्त रूपही केले जाते. ग्राम्य शब्दांच्या जागी दरबारी शब्द बसवून वाक्प्रचाराचीच टर उडवली जाते.

७.४ उगमाच्या तीन कथा

आता या घटकातील मुख्य प्रश्नाकडे वळू. चेष्टेचा आणि मुताचा संबंध आला कोठून? याची तीन उत्तरे प्रामुख्याने सांगितली जातात.

(अ) गलबतांची कथा. लोकर रंगवताना रंग पक्का बसावा म्हणून तुरटी लागे. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या किनाऱ्यावर सतराव्या शतकाच्या आरंभापासून १८७१ पर्यंत तुरटीचे कारखाने चालू होते. तेथील खडक अनेक महिने भाजून, पाण्यात भिजवून जो द्राव मिळे, त्यापासून तुरटीचे स्फटिक बनवण्यासाठी अमोनियायुक्त द्रव्य लागे. ते द्रव्य म्हणजे शिळे मानवी मूत्र. लंडन आणि न्यूकॅसलसारख्या शहरांतून ते पिंपांत भरून जहाजांनी आणले जाई. कथा अशी की, काय माल आहे असे विचारले असता लाजेखातर नावाडी ‘वाइन आहे’ असे सांगत. ऐकणारा अविश्वासाने म्हणे, ‘वाइन कसली, मूत नेतो आहेस तू!’ यावरून वाक्प्रचार रूढ झाला.

(आ) यमक-बोलीची कथा. लंडनच्या पूर्व भागातील कॉकनी बोलीत एखाद्या शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा शब्दसमूह वापरण्याची प्रथा आहे. ‘स्टेअर्स’ म्हणजे जिना, त्यासाठी ‘अॅपल्स अँड पेअर्स’. पुढे यमकाचा शब्द गाळून नुसते ‘अॅपल्स’ उरते. या प्रथेनुसार ‘पिस’साठी ‘मिकी ब्लिस’ आले आणि त्यातून ‘टेक द मिकी’ उरले, असे सांगतात. मात्र ही कथा सौम्य रूपाचा उगम सांगते. मूळ ग्राम्य वाक्प्रचार कोठून आला, याचे उत्तर तिच्यात नाही.

(इ) खोट्या ताठ्याची कथा. फ्रान्सिस ग्रोज याने १७८५ मध्ये इंग्रजीतील ग्राम्य शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. त्याच्या आवृत्त्यांतून ‘पिस-प्राउड’ हा शब्द नोंदवलेला आहे. मूत्राशय भरल्यामुळे पुरुषाला येणारी, कामेच्छेशी संबंध नसलेली ताठरता, असा त्याचा अर्थ. म्हणजे पोकळ डौल. तो डौल उतरवायचा तर आतले मूत्र काढून घेतले पाहिजे. म्हणून ‘टेक द पिस आउट ऑफ’ म्हणजे एखाद्याची खोटी मिजास उतरवणे, असे हे स्पष्टीकरण आहे.

७.५ पुराव्याची कसोटी

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. गलबतांची कथा मी स्वतः अनेक वर्षे वर्गात रंगवून सांगत असे. विद्यार्थी हसत, विषय त्यांच्या लक्षात राही, आणि मला समाधान वाटे. एका अभ्यासकेंद्रावरील रविवारच्या संपर्कसत्रात, तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक विद्यार्थी शेवटच्या बाकावर बसले होते. कथा संपल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, “सर, कारखाने बंद कधी झाले?” मी १८७१ हे साल सांगितले. “आणि हा वाक्प्रचार लिहिलेला पहिल्यांदा कधी सापडतो?” मी म्हणालो, “१९४० च्या दशकात.” ते शांतपणे म्हणाले, “सत्तर वर्षांनी कोणी जमिनीवर हक्क सांगायला आला, तर आम्ही मधले फेरफार मागतो. इथे मधले फेरफार कुठे आहेत?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोन्ही साले मला ठाऊक होती, पण ती शेजारी ठेवून पाहण्याचे मला सुचले नव्हते. गोष्ट सुरस होती, म्हणून मी तिला कागद मागितला नव्हता. त्या दिवसापासून हा पाठ मी वेगळ्या रीतीने शिकवू लागलो.

गलबतांच्या कथेतील कारखाने खरे आहेत, तुरटी खरी आहे, मूत्राचा व्यापारही खरा आहे. खोटी आहे ती वाक्प्रचाराशी मारलेली गाठ. व्युत्पत्तिकथांची ही खास खूण ध्यानात ठेवावी. त्यांतील तपशील पुष्कळदा खरा असतो आणि त्या खरेपणाच्या आधारावर संबंध खपून जातो.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. ग्राम्य शब्द छापले जात नसत, मग लेखी दाखला उशिरा मिळाला तर नवल काय? आक्षेप योग्य आहे आणि लेखी दाखल्याचे साल हे बोलण्यातील जन्मसाल नसते, हेही खरे. परंतु असे शब्द धिटाईने नोंदवणारे कोश इंग्रजीत होते. ग्रोजचा उल्लेख वर आलाच आहे. पुढे फार्मर आणि हेन्ली यांनी १८९० ते १९०४ या काळात बोलभाषेचा सात खंडांचा कोश काढला आणि त्यात ग्राम्य शब्दांना मोकळी जागा दिली. असे कोश असूनही ‘टेक द पिस’चे उपहासार्थी ज्ञात दाखले विसाव्या शतकातीलच आहेत.

यमक-बोलीच्या कथेलाही हीच कसोटी लावू. ‘टेक द माइक’ हे रूप १९३५ मध्ये लेखी आढळते. ‘टेक द मिकी’ त्यानंतर, १९४० च्या दशकात. ‘मिकी ब्लिस’ हे मूळ असते, तर ‘मिकी’ हे रूप आधी आणि ‘माइक’ नंतर दिसण्याची अपेक्षा होती. क्रम उलटा आहे. त्यामुळे कथा पूर्णपणे खोडून निघत नसली, तरी दुबळी होते.

तिसरी कथा अर्थाच्या दृष्टीने सर्वांत जुळणारी आहे. परंतु ‘पिस-प्राउड’ आणि ‘टेक द पिस’ यांच्यामध्येही दीडशे वर्षांचे अंतर आहे. तेथेही मधले फेरफार सापडत नाहीत. म्हणून तिला ‘संभाव्य’ म्हणावे, ‘सिद्ध’ म्हणू नये.

मग भाषाभ्यासकाने काय म्हणावे? कथा बाजूला ठेवून रचनेकडे पाहिले, तर बरेच काही हाती लागते. ‘अमुक एखाद्यातून काढून घेणे’ हा साचा इंग्रजीत जुनाच आहे. ‘टेक अ राइज आउट ऑफ’ म्हणजे एखाद्याला डिवचून चिडवणे, ‘टेक द स्टार्च आउट ऑफ’ म्हणजे कपड्यातली खळ काढावी तसा एखाद्याचा ताठा काढणे. हे दोन्ही प्रयोग एकोणिसाव्या शतकातील आहेत. ‘टेक द विंड आउट ऑफ वन्स सेल्स’ याचे तर ‘शिडातली हवा काढून घेणे’ हे भाषांतर मराठी वृत्तपत्रांत रुळले आहे. या सर्वांत एकच कल्पना आहे. माणूस कशाने तरी फुगलेला असतो आणि ते काढून घेतले की तो मूळ आकाराला येतो. ‘टेक द पिस आउट ऑफ’ हा याच साच्यात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बोलीने बसवलेला अधिक शिवराळ शब्द आहे, असे मानणे पुराव्याशी अधिक सुसंगत ठरते. या उत्तरात गलबते नाहीत, वाइन नाही. ते कमी रंजक आहे, पण दाखल्यांच्या सालांशी त्याचे भांडण नाही.

आपल्याकडेही अशा कथांची वाण नाही. ‘बॉम्बे’ हे नाव पोर्तुगीज भाषेतील ‘बॉम बाइया’, म्हणजे ‘चांगला उपसागर’, यावरून आले, असे आपण अनेकदा ऐकतो. परंतु पोर्तुगीजमध्ये ‘बाइया’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याचे विशेषण ‘बॉम’ नव्हे तर ‘बोआ’ असे व्हायला हवे. येथे साल नव्हे, व्याकरण साक्षीला येते. कसोटी बदलली तरी शिस्त तीच.

७.६ कोण, कोणाला, कोणासमोर

वाक्प्रचाराचा उगम कळला म्हणजे त्याचा वापर कळला असे नव्हे. ब्रिटनमध्ये मित्रांनी एकमेकांची टर उडवणे हे पुष्कळदा जवळिकीचे लक्षण मानले जाते. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच याने १९८३ मध्ये या व्यवहाराचे तत्त्व मांडले. उघडउघड खोटे आणि उघडउघड असभ्य असे काही बोलून आपण समोरच्याशी असलेली सलगी दाखवतो, असे ते तत्त्व आहे. असभ्य बोलूनही राग येणार नाही एवढे आपले नाते घट्ट आहे, हा त्यामागील संदेश असतो.

मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन याने १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांवर लेख लिहिला. काही नात्यांत एकाने दुसऱ्याची थट्टा करणे आणि दुसऱ्याने राग न मानणे ही रीतच असते, असे त्याने दाखवले. आपल्याकडील दीर-भावजय किंवा मेहुणा-मेहुणी यांची थट्टा आठवली, म्हणजे हे पटेल. ब्रिटिश माणसाच्या जीवनात हीच परवानगी रक्ताच्या नात्यापेक्षा मैत्रीवर आणि कामाच्या ठिकाणच्या सोबतीवर अधिक अवलंबून असते.

परवानगी नसताना केलेली तीच थट्टा अपमान ठरते. कामानिमित्त ब्रिटनमध्ये गेलेल्या मराठी माणसाची खरी अडचण येथे होते. सहकारी आपल्याला आपले मानून चेष्टा करीत आहेत की आपल्या उच्चारांना हसत आहेत, हे शब्दकोशावरून कळत नाही. त्यासाठी तीन प्रश्न उपयोगी पडतात. चेष्टा दोन्ही बाजूंनी होते काय? ती बदलता येण्याजोग्या गोष्टीची आहे, की जन्माने मिळालेल्या गोष्टीची? आणि थांबा म्हटल्यावर ती थांबते काय? तिन्हींची उत्तरे प्रतिकूल असतील, तर तिला सलगी म्हणू नये.

७.७ मराठीत आणताना

भाषांतर करताना प्रथम अर्थ निश्चित करावा. उपहासाच्या अर्थी सौम्य प्रसंगात ‘फिरकी घेणे’, मध्यम प्रसंगात ‘टर उडवणे’ किंवा ‘खिल्ली उडवणे’, आणि चारचौघांत मानहानी झाली असेल तर ‘रेवडी उडवणे’ योग्य वाटते. गैरफायद्याच्या अर्थी ‘गृहीत धरणे’, ‘अति करणे’ किंवा ‘डोक्यावर मिरे वाटणे’ यांपैकी प्रसंगानुरूप निवड करावी. घरमालकाच्या भाडेवाढीसाठी ‘तो माझी टर उडवतो आहे’ असे लिहिले, तर भाषांतर सपशेल चुकेल.

ग्राम्यतेचे काय करावे? मराठीतील या वाक्प्रचारांत शरीरधर्माचा उल्लेख नाही, त्यामुळे मूळचा ओबडधोबडपणा काहीसा हरवतो. तो भरून काढण्यासाठी काही भाषांतरकार मराठी शिवी योजतात. हा उपाय घातक ठरू शकतो. मराठीतील जहाल शिव्या पुष्कळदा आई-बहिणीवरून, म्हणजे नात्याच्या अब्रूवर घाव घालतात. हा इंग्रजी वाक्प्रचार शरीराच्या एका क्षुल्लक स्रावावर थांबतो. दोहोंचे वजन सारखे नाही. पात्राच्या तोंडची बोली, त्याचा तुटकपणा आणि वाक्याचा ठसका यांतून ग्राम्यता सुचवणे अधिक श्रेयस्कर.

७.८ सारांश

‘टेक द पिस’चे उपहास आणि गैरफायदा असे दोन अर्थ आहेत व त्यांच्या रचनाही भिन्न आहेत. शब्दाची ग्राम्यता त्याच्या ध्वनीत किंवा वस्तूत नसून समाजाच्या शिष्टाचारात असते. उगमाच्या प्रचलित कथांपैकी गलबतांची कथा कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही, यमक-बोलीची कथा दुबळी ठरते आणि खोट्या ताठ्याची कथा केवळ संभाव्य राहते. इंग्रजीतील जुन्या रचनासाच्याचा आधार सर्वांत भक्कम आहे. कोणतीही व्युत्पत्ती ऐकली की ती गोड आहे का हे पाहण्याआधी तिचे मधले फेरफार मागावेत.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘आर यू टेकिंग द पिस?’ या वाक्याचे दोन अर्थ होतील असे दोन प्रसंग कल्पून प्रत्येकाचे मराठी भाषांतर करा.
२. ‘मूत्र’, ‘लघवी’ आणि ‘मूत’ या शब्दांच्या आधारे शब्दांच्या सामाजिक प्रतिष्ठेची चर्चा करा.
३. ‘व्युत्पत्तिकथेतील तपशील खरा असणे म्हणजे व्युत्पत्ती खरी असणे नव्हे.’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
४. आपल्या गावाच्या किंवा परिसरातील एखाद्या स्थळाच्या नावामागे सांगितली जाणारी कथा लिहून काढा. तिला कालक्रम आणि व्याकरण या दोन्ही कसोट्या लावा आणि काय निष्पन्न होते ते नोंदवा. हा प्रश्न संपर्कसत्रात चर्चेसाठी आणावा.